दोन कोसांचं पाणी

“पानी आत्ता कुटं निघालंय, ताई. त्याला चालू तर द्या.”

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कालव्याच्या वरच्या दारावर उभी होते. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही. पायांखालून हिरवट पाणी दाराखालच्या फटीतून घुसळत बाहेर पडत होतं. बोलणारा माणूस माझ्याकडे बघतही नव्हता. चाक फिरवून तांबारलेले हात त्यानं धोतराला पुसले, कट्ट्यावर बैठक मारली, एक हात कानाशी नेला आणि तो गायला लागला.

दार सोडलं पान्यानं, चाललं लेकीच्या गावाला
दोन कोसांची वाट त्याची, नका हाका मारू त्याला
पैल्या वळनाला बाभूळ, तिच्या सावलीत टेकलं
पुढं बिरोबाचं देऊळ, पायरी भिजवून निघालं

मी वैतागले. वरचं दार वीतभर उचललं की सहा किलोमीटर खालच्या दारापाशी पाणी किती चढतं, एवढंच मला मोजायचं होतं, आणि हा गृहस्थ मैफल मांडून बसला होता. बाभूळ झाली, देऊळ झालं, मग फरशीचा पूल, मग दगडाची खाण. बारा कडवी झाली तसा तो उठला.

“आता इचारा तुमच्या खालच्या मानसाला.”

मी वायरलेसचं बटण दाबलं. खालच्या दारावरचा माणूस म्हणाला, “आत्ताच चढाय लागलंय, मॅडम.”

मी घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं झाली होती.

त्या माणसाचं नाव बिरू कोळेकर. पाटबंधारे खात्यात कालव्याचा चौकीदार, अठ्ठावीस वर्षं त्याच एका दारावर. सगळे त्यांना बिरूमामा म्हणत. दोन दिवसांत मीही म्हणू लागले. लहानपणी मेंढरं राखली होती, त्या रानातलं गाणं त्यांनी दारावर आणलं होतं. चाक फिरवायचं, बारा कडवी म्हणायची, आणि ती संपेपर्यंत चाकाला पुन्हा हात लावायचा नाही. का, असं मी विचारलं तेव्हा ते हसले.

“पानी पोचायच्या आदीच म्या पुन्ना दार उचललं, तर एकामागं एक दोन पानी जात्यात. खाली दोन्ही भेटत्यात, मंग भांडत्यात.”

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि ह्याच गोष्टीवर डॉक्टरेट करत होते. जगात काही गोष्टी वाहतात आणि काही पलटतात. पाणी वाहतं, थोडं थोडं, न तुटता. दार मात्र पलटतं: उघड, मीट, थांब. वाहणारं आणि पलटणारं एकमेकांत गुंतलं की काय होतं, कुठे ते शांत राहतं आणि कुठे बिथरतं, ह्याचं गणित म्हणजे माझा विषय. संकरित प्रणाली म्हणतात त्याला. दोन वर्षं वह्या काळ्या करून मी एक प्रमेय सिद्ध केलं होतं: एकदा पलटल्यावर अमुक एक काळ थांबलात तर प्रणाली कधीच बिथरणार नाही, त्याहून कमी थांबलात तर कसलीच हमी नाही. ह्या कालव्याची लांबी, खोली, उतार त्या सूत्रात घातल्यावर ‘अमुक एक काळ’ निघाला, बावीस मिनिटं.

मी ते उत्तर मामांना दाखवायला नेलं. त्यांनी वही उलटी सुलटी करून बघितली.

“एवढं लिवावं लागलं व्हय?”

“सिद्ध करावं लागतं, मामा.”

“आनि ह्याचं काय हुनार?”

“प्रबंध. एक जाड पुस्तक.”

“कोन वाचनार?”

“तीन परीक्षक.”

“तीन मानसांसाठी एवढं पानी सोडलं,” मामा म्हणाले आणि घरातून आलेली भाकरी अर्धी मोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

ते सत्त्याण्णव सालातलं रब्बीचं आवर्तन होतं, पिकांना कालव्याचं पाणी सोडायची पाळी. वरच्या दाराच्या खोलीत आम्ही एक संगणक बसवला होता. खालच्या दारापाशी पाण्याची उंची मोजणारी नळी होती. तिचा आकडा वायरलेसनं वर यायचा. पाणी कमी दिसलं की संगणक मोटर लावून वरचं दार उचलायचा, जास्त दिसलं की उतरवायचा, आणि प्रत्येक हालचालीनंतर बावीस मिनिटं थांबायचा. शेजारी एक छापयंत्र टकटक करत प्रत्येक हालचालीची ओळ कागदावर उमटवायचं: वेळ, दार, थांबण्याची मुदत. मामा संगणकाला पेटी म्हणत.

“पेटीला गानं येतं का?”

“नाही. पण थांबायला शिकवलंय.”

“मंग झालं. गान्याचं काय, आपलं हायच.”

आमच्या येण्यानं मामांचं काम गेलं होतं खरं तर. चाकाला कुलूप नव्हतं, पण ताकीद होती आणि ती मीच दिली होती. खोलीत लाल दिवा होता. खालचं पाणी भरावाच्या काठापासून वीतभर उरलं की तो लागायचा. दिवा लागला तर पेटी बंद करून चाक हातात घ्यायचं, नाहीतर काही झालं तरी नाही. मामांनी ती ताकीद पाळली. पेटीनं दार हलवलं की ते चाकापासून हातभर लांब बसून बारा कडवी म्हणायचे आणि शेवटच्या ओळीला पेटीकडे बघायचे. बऱ्याचदा पेटी त्याच सुमाराला टकटक करायची. तेव्हा ते लेकराबद्दल बायकोला सांगावं तसं मला सांगायचे, “शानी हाय.”

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी साहेब येणार होते.

कुलथे साहेब अधीक्षक अभियंता होते. सगळ्या कालव्यांवर ही यंत्रणा बसवायची की नाही हे त्यांच्या सहीवर होतं. माझे मार्गदर्शक सबनीस सर सकाळीच पुण्याहून आले. सर मृदू माणूस. कधी आवाज चढवत नसत. नाराजी दाखवायची तर चष्मा काढून पुसत.

अकरा वाजता दोन जीपगाड्या आल्या. साहेबांबरोबर सात-आठ माणसं होती. मी प्रमेय सांगितलं, आलेख दाखवले. साहेब मान हलवत होते. मग म्हणाले, “छान. आता चालवून दाखवा.”

“चालूच आहे, सर.”

“दार तर हलत नाही.”

“आत्ताच, अकरा वाजून दोन मिनिटांनी हललं. आता बावीस मिनिटं थांबेल.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी खोकलं. मामांनी चहाचे पेले फिरवले. पंखा फिरत होता, पाणी दाराखालून जात होतं, आणि नऊ माणसं एका न हलणाऱ्या लोखंडी दाराकडे बघत उभी होती. ते दृश्य मला अजून दिसतं. थांबणं हेच ज्या कामाचं सार होतं, ते काम कुणाला दाखवायचं कसं?

“मॅडम, तुमचं यंत्र जेवून झोपलं काय?” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मामाही हसले. सरांनी चष्मा काढला.

मी आत गेले. कळफलकावर बोटं ठेवली. बावीसच्या जागी दोन लिहिलं.

पंधरा मिनिटांसाठी, मी स्वतःला सांगितलं. साहेब जाईपर्यंत.

लगेच मोटर घुमली. दार चार बोटं वर आलं. बाहेर कुणीतरी “हां, हां” म्हणालं. दोन मिनिटांनी पुन्हा चार बोटं. दोन मिनिटांनी पुन्हा. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

मामा पेल्यांची थाळी घेऊन दारात आले. “ताई, एवढ्यात पुन्ना? पयलं पानी आजून देवळापतुर न्हाई ग्येलं.”

खोलीत सर होते, साहेबांचे एक सहायक होते.

“मामा,” मी म्हणाले, “तुम्ही चहाचं बघा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपलंच काही चुकलं असावं, तसं. आणि ते चहाचं बघायला गेले.

आता आकडा परत बावीस करायचा, एवढंच राहिलं होतं. पण साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मान गये, मॅडम. चला, जेवताना बोलू.” जीपचं दार उघडून कुणी उभं होतं. सरांचा चेहरा उजळला होता. मी जीपमध्ये बसले. विश्रामगृह चार मैलांवर होतं. जाताना मला आकडा आठवला, हेही लिहायला हवं. आठवला, आणि मी जीप थांबवली नाही. एवढ्या सगळ्यांसमोर काय सांगायचं? की आत्ता तुम्ही टाळ्या वाजवल्यात ते मी जे सिद्ध केलं त्याच्या नेमकं उलट होतं?

जेवायला मटण होतं. खालच्या दारावरच्या माणसालाही वाढायला तिकडेच बोलावलं होतं. साहेब यंत्रणेबद्दल बोलत होते, किती कालवे, किती दारं. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते, आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक वाजला. दीड वाजला. पानसुपारी आली.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस सायकल टाकून धावत पायऱ्या चढला. “साहेब, कालवा फुटला. भट्टीपाशी.”

खालच्या दाराच्या थोडं अलीकडे वीटभट्टी होती. आम्ही पोचलो तेव्हा भरावाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि पाणी सुसाट खाली चाललं होतं. माणूस कुणी गेलं नाही. दुपारची वेळ, सगळे सावलीला होते. पण मैदानात दोन महिने थापलेल्या विटांच्या रांगा होत्या, सुकत घातलेल्या, अजून न भाजलेल्या. पाण्यात वीट कशी मरते हे मी तेव्हा पाहिलं. ती फुटत नाही, वाहून जात नाही. जागच्या जागी बसते. कडा जातात, मग कोपरे जातात, मग नुसती एक उंचवट्याची ओळ राहते, मग तीही नाही. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून वीट उचलत होती. वीट हातात यायची आणि बोटांतून गळून जायची. ती पुढची उचलायची. तिला कुणी थांबवत नव्हतं.

“दोन म्हैनं ह्याच्यावर वाकलीया ती,” शेजारचा म्हातारा म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मी वरच्या दाराकडे गेले. मामा चाकाला टेकून उभे होते, घामानं भिजलेले. दार पूर्ण खाली होतं. लाल दिवा जळत होता.

“दिवा लागला, ताई. तसा पेटी बंद केली, हातानं दार पाडलं. म्या आदीपासनंच बगत हुतो, पानी यडं झालं हुतं. दार वर, वर, वर. मंग खाली, खाली. मंग पुन्ना वर. पर तुमी म्हनला हुता, दिव्याबिगर हात लावू नका.”

मी खोलीत गेले. छापयंत्राचा कागद जमिनीवर घडी घडी होऊन पडला होता. पासष्ट ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन, दोन, दोन. आणि तळाशी शेवटची ओळ: एक बावन्न, हस्तचालित. मी कागद फाडला, घडी करून पिशवीत घातला. मग आकडा परत बावीस केला.

सर माझ्या मागे उभे होते. त्यांनी कागद बघितला की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. “उद्या चौकशी आहे,” एवढंच म्हणाले. “विचारतील तेवढंच सांग.”

चौकशी विश्रामगृहाच्या, आदल्या दिवशी जेवलो त्याच खोलीत झाली. टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक तेच होतं. साहेब मध्ये बसले, सर एका बाजूला, मी त्यांच्या शेजारी. मामा उभे. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि पागोटं हातात धरलं होतं.

“हात कधी लावला?” साहेबांनी विचारलं.

“दिवा लागला तवा, साहेब.”

“एक बावन्नला. बरोबर? बंद झाल्याची वेळ तेवढी पेटीत राहिलीय.”

“आसंल.”

“आणि भराव फुटला एक अठ्ठावन्नला. भट्टीवाल्यानं घड्याळ बघितलंय. म्हणजे तू हात लावलास आणि सहा मिनिटांत कालवा फुटला.”

मामांनी पागोटं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “साहेब, माजा हात लागलेलं पानी सा मिंटांत तितं जातंय कुटं? त्याला बारा कडवी—”

“गाणी नको सांगूस. अकरा दिवस यंत्र चाललं, काही झालं नाही. बाराव्या दिवशी तू हात घातलास आणि झालं.”

माझ्या डोळ्यांसमोर तो आकडा होता. सहा. माझ्याच प्रमेयातली ओळ होती ती. वरच्या दाराचं पाणी बावीस मिनिटांच्या आत खालच्या दारापाशी पोचत नाही. सहा मिनिटं हा मामांच्या विरुद्धचा पुरावा नव्हता. ती त्यांच्या निर्दोषपणाची सिद्धता होती. हे त्या खोलीत तीन माणसांना कळत होतं: मामांना, मला, आणि मला वाटतं सरांना. सर चष्मा पुसत होते.

मामा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो तसा.

“ताईंस्नी इचारा की, साहेब. त्येंनी सगळं लिवून काडलंय. पेटी बरूबर चालली हुती का, त्याच सांगतील. त्या म्हनतील ते मला मान्य.”

साहेब म्हणाले, “मॅडम? यंत्रणेत काही बिघाड होता?”

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज ऐकू येत होता.

“यंत्रणा,” मी म्हणाले, “ठरवून दिल्याप्रमाणेच चालली.”

एकही शब्द खोटा नव्हता. यंत्रणेनं तिला जे सांगितलं होतं तेच केलं होतं. दोन म्हटलं, तिनं दोन ऐकलं. वाक्य मी आदल्या दिवशीपासून घासून ठेवलं होतं, प्रबंधातल्या वाक्यासारखं, कुठून ठोकलं तरी न फुटणारं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. पुढे अजून काही येईल म्हणून थांबले असावेत. थांबायची सवयच होती त्यांना. मग त्यांनी मान हलवली.

“मंग माजंच कायतरी चुकलं आसंल,” ते म्हणाले. “ल्ह्या, साहेब.”

अंगठा उठवून ते बाहेर पडले. पायरी उतरताना ते एकदा थांबले, पागोटं डोक्याला गुंडाळलं. मी खिडकीतून बघत होते.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नेमकं बोललीस.”

मामांना तालुक्याच्या गोदामावर पाठवलं, सिमेंटच्या पोत्यांवर राखण करायला. भट्टीवाल्यांनी पुन्हा चिखल मळला. यंत्रणा मंजूर झाली नाही, पण प्रबंध झाला. त्यातली चौथी आकृती आजही शिकवतात: वरचं दार, खालचं पाणी, शांत होत जाणारी रेघ. आकृती अकरा वाजून दोन मिनिटांना संपते. ऋणनिर्देशात मी ‘स्थानिक कर्मचारी’ असं लिहिलं. तो छापील कागद काही वर्षं माझ्या कपाटात होता. घर बदलताना मी तो रद्दीत टाकला, आणि त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं, हेही खरं.

मग मी शिकवत राहिले. पुरस्कार मिळाले, सरांच्या जागी मी आले, सर गेले. दोन वर्षांपूर्वी वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ही आकृती अकरा दोनलाच का संपते? एवढ्या छान प्रयोगाचं पुढचं का नाही दाखवलं?”

“तेवढाच होता,” मी म्हणाले. तास संपवला. पुढच्या रविवारी गाडी काढली.

मामांचं गाव, कोरेवाडी, वरच्या दारापासून कोसभर आत. दुपारचे बारा वाजले होते. मामींनी, तायव्वामामींनी, मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर तोंडावर हात ठेवला आणि आत बघून म्हणाल्या, “आवो, पेटीवाल्या ताई आल्यात.”

मामा बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, वाळून हलके झालेले. डोळे मात्र तेच. मी वाकले, तसा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. “लगीन क्येलं का न्हाई?” ही पहिली चौकशी. केलं, मी म्हणाले. “आनि ते पुस्तक? त्या तीन मानसांनी वाचलं का?”

“वाचलं, मामा.”

“पास क्येलं नव्हं?”

“केलं.”

“हां,” ते म्हणाले, आणि खरोखर बरं वाटल्यासारखे मागे टेकले. “मला लई वरसं घोर हुता. म्हनलं, आपल्या हातानं पोरीचं काम नासलं.”

मामी पाणी आणायला उठल्या. परसात नळ होता. तिकडून त्यांचा आवाज आला, “ह्येंनी त्या दिसापासनं पान्याला हात लावला न्हाई, ताई. रानात हिरीवर मोटार हाय, पोरं चालू करत्यात. ह्यो नळ आला, तर तोटी फिरवाय मला हाक मारत्यात. का म्हनलं तर म्हनं, मला पान्यातलं कळत न्हाई.”

“गप की गं,” मामा म्हणाले.

“का गप? धा गावांतनं मानसं यायची ह्येंना इचाराय. पाट कुटनं काडू, पानी कवा पोचंल. समद्यास्नी सांगितलं, दुसऱ्याला इचारा.”

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी तो उचलला, पण प्यायले नाही.

मामा बाजेवर पुढे सरकले. आवाज खाली आणला, मामींना ऐकू जाऊ नये इतका.

“बरं झालं आलात. एक इचारायचं हुतं. दुसरं कोन सांगनार मला? गोदामावर नुसतं बसून आसायचं, तवा ह्योच इचार.” त्यांनी हाताची बोटं उघडली, मिटली. “म्या एक बावन्नला दार पाडलं. अठ्ठावन्नला भराव ग्येला. सा मिंटं. मी हज्जारदा मनात चालून बगितलं, ताई. बाभूळ, देऊळ, पूल. सा मिंटांत मी देवळाफुडं जातच न्हाई. पर तुमी म्हनला पेटी बरूबर हुती. तुमी खोटं कशाला बोलाल? तवा मनात म्हनलं, आपल्याला पानी कळलंच न्हाई. अठ्ठावीस वरसं त्येच्या उशाला बसलो, आनि कसं चालतं त्ये ठावं न्हाई.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. विद्यार्थी बघतो तसे. ह्या नजरेसमोर मी पंचवीस वर्षं उभी राहिले होते, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे उत्तर होतं.

“मरायच्या आदी तेवढं समजावून सांगा. सा मिंटांत पानी दोन कोस ग्येलं कसं?”

मामी येऊन बाजेच्या पायाशी बसल्या. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. मी तांब्या खाली ठेवला.

“गेलंच नाही, मामा,” मी म्हणाले. “तुम्ही हात लावलात तेव्हा भराव आधीच जाणार होता, तो फुटला तेव्हा तुमचं पाणी देवळापर्यंतच आलं होतं. साहेबांना दार हलताना दिसावं म्हणून त्या सकाळी पेटीचं थांबणं मी बावीस मिनिटांवरून दोनवर आणलं होतं. आणि तसंच ठेवून जेवायला गेले होते. चौकशीत तुम्ही मला विचारलंत, त्या वेळी पेटीचा कागद माझ्या पिशवीत होता. मला माहीत होतं.”